घोगऱ्या घंटीची डोंगरवाट

मित्रांनो, मी बैलाच्या गळ्यातली एक जुनी घंटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसवत नाही. सध्या जालन्यातल्या एका फ्लॅटच्या दाराशी खुंटीला टांगलेली आहे. जिन्यावरून कोणी धावत गेलं तरी मी हलते, हलले की वाजते, आणि वाजले की शेजारच्या काकू दार उघडून बघतात. त्यात पोळा तोंडावर आलाय. माझा जीव काही थाऱ्यावर नाही. का, ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

माझा जन्म जुन्या जालन्यात, मस्तगडाजवळच्या एका ओताऱ्याच्या भट्टीवर झाला. काशाचा रस साच्यात ओतताना कुठूनसा वाळूचा खडा आत राहिला आणि माझा आवाज बसला तो कायमचाच. माझ्या बहिणी टणटण बोलायच्या आणि मी आपली घोगरी. ओतारी मला पुन्हा वितळवायला निघाला होता. तेवढ्यात बैलाचा साज घ्यायला काकासाहेब नावाचे शेतकरी आले. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले, “हीच द्या. असा आवाज आमच्या भागात दुसऱ्या बैलाला न्हाई. बैल दिसला न्हाई तरी बराबर समजंल, माझाच हाय म्हणून.”

त्यांचं गाव भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं. तिथे मी बादलच्या गळ्यात पडले. बादल बैल मोठा गुणी, फक्त कोवळं गवत दिसलं की त्याचे पाय डोंगराकडे वळायचे. श्रावणात वर धुई, म्हणजे दाट धुकं उतरलं, की हातभर अंतरावरचं झाड दिसत नसे. तेव्हा काकासाहेब बांधावर उभे राहायचे, डोळे मिटायचे, कान वळवायचे आणि सरळ आमच्यापाशी येऊन पोहोचायचे. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “शाबास गं घोगरे!” त्या शाबासकीनं मी दिवसभर फुगून असायची. छोटा हरिओम, त्यांचा मुलगा, तोही माझ्या आवाजामागेच चालायला शिकला.

पुढे बादल म्हातारा होऊन गेला. घरी ट्रॅक्टर आला. मला गोठ्यातल्या खिळ्यावर अडकवलं, फवारणीच्या पंपाशेजारी. माझ्या आतल्या लोळ्यावर, म्हणजे माझ्या जिभेवरच म्हणा, कोळ्यानं जाळं विणलं. ट्रॅक्टर चालू झाला की भिंत थरथरायची आणि मी जराशी कुरकुरायची. पण त्या धडधडीत माझं कोण ऐकणार? मित्रांनो, वाजणाऱ्या वस्तूला खिळ्यावर टांगून ठेवणं ही फार वाईट शिक्षा आहे.

हरिओम शिकला, जालन्याच्या एका बियाणे कंपनीत लागला. एका दिवाळीला त्यानं मला खिळ्यावरून काढलं. “आठवण म्हणून नेतो,” असं आईला सांगितलं. त्या माउलीनं, चतुराबाईंनी, मला चिंच लावून घासलं. मी पुन्हा चकाकले आणि शहरात आले.

हरिओमला डोंगराचं वेड. वर्षातून दोनतीनदा तो सहासात जणांना घेऊन डोंगर चढायला जातो. पण त्याची मंडळी जरा निराळी आहे. काही पुरुषांना आयुष्याचा जोडीदार म्हणून पुरुषच आवडतो, काही बायकांना बाईच. त्यांना गे म्हणतात, मराठीत समलिंगी. हरिओमही त्यातलाच. ही माणसं ऑफिसात, घरात, लग्नकार्यात सारखी सांभाळून बोलतात. सुट्टीचे चार दिवस तरी मोकळं चालता यावं म्हणून हरिओमनं या सहली काढल्या. घरी मात्र तो “ऑफिसच्या माणसांसंगं चाल्लो” एवढंच सांगायचा.

त्याचा एक नियम होता. पुढे तो स्वतः आणि सगळ्यात मागे जो चालेल त्याच्या गळ्यात मी. माझा आवाज येतोय तोवर पुढच्यांनी चालायचं, आवाज थांबला की थांबायचं. मला माझं जुनं काम परत मिळालं! मी त्यांच्याबरोबर पुष्कळ गड चढले. माथ्यावर दोघं हातात हात घालून बसलेले असायचे आणि खालून एखादा दूधवाला येताना दिसला की चटकन हात सोडायचे. ते पाहून मला भारी चुटपुट लागायची.

गेल्या श्रावणात सहलीला जगन्नाथकाका आले. पोस्टातून निवृत्त झालेले, मस्तगडाचेच, म्हणजे माझ्या माहेरचे. वय साठीच्या पुढे, लग्न न केलेले. पत्रिकेत मंगळ होता म्हणून राहिलं, असं गल्लीत सगळे समजत. खरं कारण त्यांनी जन्मभरात कोणालाच सांगितलं नव्हतं. आपल्यासारख्या माणसांत ते पहिल्यांदाच आले होते आणि नुसते हसत सुटले होते. चाल सावकाश, त्यामुळे मी आपोआप त्यांच्या गळ्यात आले.

जायचं कुठे, तर हरिओमच्या गावच्या डोंगरावर! दर सहलीत तो त्या डोंगराची बढाई मारायचा. “एकदा दाखवच,” म्हणून मंडळी हटून बसली, त्यात पुण्याचा पार्थ सगळ्यात पुढे. आपल्याच बढाईत हरिओम अडकला. गावात न उतरता डोंगरावरूनच पुढे जायचं आणि घरी कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. घरी त्याच्यासाठी मुलींचे फोटो येऊन पडले होते. ही माणसं कोण, असं अण्णांनी विचारलं तर खोटं किती बोलणार? काकासाहेबांना तो अण्णा म्हणतो.

दुपारी आम्ही नेमके अण्णांच्या मक्याच्या वावराच्या बरोबर वर, डोंगराच्या धारेला आलो. वारा गावाकडे वाहत होता. हरिओम एकदम थबकला, मागे आला आणि माझ्याकडे बघत राहिला. माझा आवाज ओळखणारा माणूस खाली होता ना! त्यानं पिशवीतून एक पायमोजा काढला, त्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला.

“हरिओम, हे बरोबर नाही,” पार्थ म्हणाला.

“गावापुरतंच हाय. पुढं गेल्यावर काढू,” हरिओम म्हणाला. तो काकांकडे वळला. “काका, तुमी जल्दी चला, माझ्या नजरंत ऱ्हावा.”

“चालंल बाबा,” जगन्नाथकाका हसले. “गप ऱ्हायची मला सवय हाय.”

मित्रांनो, मी संतापले, पण संताप दाखवायलाही जीभ मोकळी लागते! आम्ही निघालो. थोड्याच वेळात धुई उतरली. पुढच्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्या, वाट फुटली होती तिथे काका चुकीच्या फाट्याला लागले आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरून एका ओहोळाच्या कडेला जाऊन पडले. पाय मुरगळला, उठवेना. त्यांनी हाका मारल्या, पण त्यांचा आवाज मुळातच बारीक. वर पाऊस वाढला आणि ओहोळ फुगायला लागला.

त्यांनी मला हातात घेतलं. बोळा काढायला बोट घातलं आणि थांबले. खाली अण्णांचं वावर होतं. “तुला वाजवलं तर पोराचं बिंग फुटंल गं,” ते मला म्हणाले. मी हातात नुसती तडफडत होते. अहो, काढा तो बोळा, पाणी पायाशी आलंय! पण ते मला छातीशी धरून, ओठ मिटून बसून राहिले. त्यांची सवय माझ्या आवाजापेक्षा जुनी होती.

पुढे पोहोचल्यावर हरिओमला कळलं की काका मागे नाहीत. तो धुईतून ओरडत माघारी पळाला. “काका! ओ काका!” काकांनी ओ दिली, पण ती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. तो धारेवरच इकडून तिकडे धावत होता. मग थोडा वेळ काहीच ऐकू येईना. आणि मग त्याचा आवाज आला, पार फाटलेला, “काका, बोळा काढा! घंटी वाजवा! कोणी ऐकलं तर ऐकू द्या!”

काकांनी बोळा उपसून फेकला आणि मला हलवलं. मी जी सुटले, सांगता सोय नाही! घोगरी ती घोगरी, पण सगळा डोंगर भरून टाकला.

पहिल्यांदा पोहोचले ते अण्णा. डोक्यावर पोत्याची खोळ, पायांना चिखल, डोळे माझ्यावर. “पाव्हणं, ही घंटी तुमच्यापाशी कशी?”

काका म्हणाले, “वाटंत सापडली मला.”

“अण्णा, ते खोटं बोलून राह्यले.” धुईतून हरिओम आला, मागे बाकीचे. “घंटी मीच दिल्ती.”

अण्णांनी जमिनीवरचा ओला पायमोजा उचलला. “आन् हिच्या तोंडात ह्यो कोणी घातला?”

“मी.”

“कशामुळं?”

“तुमाला ऐकू जाऊ नये म्हणून.” हरिओमनं मागच्यांकडे हात केला. “अण्णा, ही ऑफिसची माणसं न्हाईत. ही माझ्यासारखी माणसं हायेत. मला पोरीसंगं लगीन न्हाई करायचं. कधीच न्हाई. मला पुरुषच आवडतो. फोटो बघू नका आता.”

अण्णा बराच वेळ त्या मोज्यातलं पाणी पिळत राहिले. मग म्हणाले, “माझ्या भेवानं घंटी मुकी केली व्हय रे? म्हातारा माणूस वाहून गेला असता.” त्यांचा आवाज माझ्याहून घोगरा झाला होता.

एका बाजूनं अण्णा, दुसऱ्या बाजूनं हरिओम, मध्ये काका, असे आम्ही खाली उतरलो. काकांच्या गळ्यात मी. त्या वाटेनं पावलागणिक बोलत होते ती मी एकटीच.

चतुराबाईंनी सगळ्यांना कोरडे कपडे दिले, काकांच्या पायाला हळदीचा लेप लावला, भाकरी थापल्या. घंटी काकांच्या गळ्यात कशी, हे चतुराबाईंनी विचारलं, तेव्हा काकांनी आमचा नियम समजावून सांगितला. अण्णा ओसरीवर पाठ करून बसले होते. ऐकत होते की नाही, कळलं नाही. लेकाकडे मात्र त्यांनी वळूनही बघितलं नाही आणि हरिओमची भाकरी ताटात तशीच राहिली.

सकाळी जीप आली. अण्णा गोठ्यात गेले आणि बादलचा जुना चामडी पट्टा घेऊन आले, तेल पाजून मऊ केलेला. त्यांनी मला त्यात ओवलं.

“मला समजायला टाइम लागंल,” ते हरिओमकडे न बघता म्हणाले. “पन पोळ्याला घंटी घेऊन ये घरी.”

“मी एकटाच येऊ?”

“ही शेवटच्या माणसापाशी असती म्हनं.” अण्णांनी पट्टा जगन्नाथकाकांच्या गळ्यात घातला. “मंग समदे आल्याबिगर ही कशी येईल?”

मित्रांनो, तो पोळा आला आणि गेला. काकांच्या पायाचं हाड मोडल्याचं निघालं, पाय प्लॅस्टरमध्ये होता, आणि शेवटच्या माणसाशिवाय निघायचं नाही म्हणून हरिओम गेलाच नाही. वर्षभर तो दर रविवारी फोन करतो. अण्णा पिकापाण्याचं बोलतात, बाकीचं टाळतात. आता पुन्हा पोळा आलाय. खाली जीप उभी आहे, पार्थ कालच आलाय, काका जिना चढताहेत. गावात कोण काय म्हणेल, अण्णा अंगणात उभे असतील की पाठ करून बसतील, मला ठाऊक नाही.

निघण्यापूर्वी एवढंच मागते. काशाच्या वस्तूला कधीमधी चिंच लावा, पट्ट्याला तेल पाजा, आमच्यासारख्यांना तेवढी निगा पुष्कळ होते. पण कोणाच्या तोंडात बोळा कोंबू नका. आणि डोंगर चढताना पुढे असाल, तर मधूनमधून थांबा आणि सगळ्यात मागच्याचा आवाज येतोय ना, तेवढं ऐकत चला.