पुष्पलता सिस्टरांची माफीफेरी

ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा आठवडा लागला, की चर्चच्या मंडळीतली माणसं पुष्पलता सिस्टरांना चुकवायला लागत. कुणी पडदे ओढून घेई, कुणी मुलाला दाराशी पाठवून ‘आई घरी नाही’ म्हणून सांगायला लावी. आता एखादी बाई आपल्या पायांनी दारात येऊन माफी मागते, तर तिच्यापासून लपायचं कशाला, असं तुम्हांला वाटेल. पण तुमच्याकडे त्या कधी आल्या नाहीत, म्हणून वाटतं.

सिस्टरांनी छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. निवृत्त होऊन हुडकेश्वरला मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांनी एक नेम धरला होता. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं; प्रभूच्या आठवणीत सगळे भाकर आणि द्राक्षरस घेतात. त्याआधी वर्षभरात ज्याच्या-ज्याच्याबद्दल आपण वाईट बोललो, त्याच्या घरी जाऊन माफी मागायची. वहीत नावांची यादी करायची आणि एकेका नावावर काट मारत जायचं. नेम उत्तमच होता. अडचण एवढीच, की आपल्याबद्दल काय बोललं गेलंय हे त्या बिचाऱ्यांना तोवर ठाऊकच नसे.

“मनोहरराव,” गेल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, “मी म्हटलं होतं, तुम्ही प्रार्थनेले उभे राहिले की प्रभूसुद्धा घड्याळ पाहत असंल. माफ करा.” आपली प्रार्थना म्हणजे मंडळीचं भूषण, अशा समजुतीत मनोहररावांची सत्तर वर्षं सुखात गेली होती. त्यांनी जागच्या जागी माफ केलं, दुसरं करणार काय? मग तीन महिने ते दोन ओळींत ‘आमेन’पर्यंत पोचत. हिमानीला सिस्टरांनी सांगितलं, की तुझ्या नाताळच्या केकपेक्षा वार्डातली खिचडी बरी, असं मी चौघींसमोर म्हटलं. आणि माफी पुरती व्हावी म्हणून चौघींची नावंही सांगितली. हिमानी त्या चौघींशी अजून बोलत नाही.

सिस्टर मात्र घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात. “जीव कसा हलका झाला,” म्हणत. “तुमचा झाला, आई,” त्यांची सून मिनल पुटपुटे. स्कूटीवर मागं बसवून त्यांना दारोदार फिरवायचं काम तिच्याकडे होतं आणि यजमानीणबाईंचे चेहरेही तिलाच पाहावे लागत.

यंदा यादीत अकरा नावं होती. मंगळवारी चर्चचे नवे पाळकसाहेब, अपूर्व, घरी चहाला आले. वय असेल तिशीच्या आत-बाहेर. सिस्टरांनी मोठ्या हौसेनं वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती नीट वाचली. दोनदा ओठ दाबून हसू आवरलं.

“सिस्टर, यातलं एखादं सांगताना तुम्हांला लाज वाटते?”

“लाज काहून वाटंल? खरं तेच तर सांगतो आपण.”

“एखाद्या दारात पाय अडखळतो?”

“माहे पाय मजबूत आहेत, पाळकसाहेब.”

पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली. “मग बरंय,” ते म्हणाले. “पण ज्या दारात तुमचे पाय अडखळतील, ते घर या वहीत नसणार. आपण तिथलं नाव लिहीत नाही. मीही लिहीत नाही.” एवढं बोलून ते आणखी एक चिवड्याची वाटी खाऊन गेले.

सिस्टरांचा असा संताप झाला, की विचारू नका. कालचं पोर, आणि मला पश्चात्ताप शिकवतो! त्यांनी भांडी आपटली, मिनलला विनाकारण बोलल्या, आणि लगेच वहीत बारावं नाव म्हणून ‘मिनल’ लिहून घेतलं. पण पाळकसाहेबांचं बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. कारण असं एक दार होतं. कामठीला होतं. एकतीस वर्षं त्या दारावरून सिस्टर कधी साध्या गेल्याही नव्हत्या.

बुधवारी सकाळी मिनलनं स्कूटी काढली. “आधी कोणाकडं? मनोहररावांकडं?”

“कामठीले चाल.”

“कामठीले आपलं कोण आहे?”

“भावना आहे. माह्यासोबत होती दवाखान्यात. गाडी चालव, बोलू नको.”

एप्रिलचं ऊन चढलं होतं. स्कार्फात तोंड गुंडाळून सिस्टर मागं बसल्या आणि मनातल्या मनात माफीची तयारी करू लागल्या. ‘भावना, माफ कर, पण तूही पाहायला पाहिजे होतं.’ हे बरं वाटेना. ‘भावना, माफ कर, पण त्या वेळी माझी परिस्थिती तुला माहीतच आहे.’ हेही जमेना. दर वेळी माफीच्या मागून ‘पण’ येऊन बसायचा. ऑटोमोटिव्ह चौकात त्यांनी उसाच्या रसासाठी गाडी थांबवायला लावली. पुढं गेल्यावर पुन्हा एकदा थांबवायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “ती घरी नसंल. आपण वापस जाऊ.”

मिनलनं आरशातून पाहिलं. सासूबाईंचा चेहरा असा तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं गाडी थांबवली नाही.

भावना घरी होती. दार उघडंच होतं, आणि आत बाई शिलाई मशीनवर बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवत बसली होती. तिनं वर पाहिलं, चष्मा काढला, आणि खळखळून हसली.

“पुष्पा! अवं, माहं नाव आलं का यादीत? तुह्या माफीची बातमी कामठीपर्यंत आली. मले वाटलं, मीच राहून गेली.” तिनं मिनलला खुर्ची दिली, दोघींना पाणी दिलं. “बोल. काय बोलली होती माह्याबद्दल?”

वर्षानुवर्षं सिस्टरांनी माफी मागितली ती बोललेल्या गोष्टींची. हिच्याबद्दल त्या कधी वाईट बोलल्याच नव्हत्या.

“काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “काहीच बोलली नाही मी. तेच आहे.”

“काय?”

“सात नंबरची म्हातारी, भावना. पाय भाजला होता तिचा.”

भावनाचं हसू गेलं. डिसेंबरातली गोष्ट होती, संध्याकाळची पाळी. थंडीनं कुडकुडणाऱ्या रोग्यांच्या पायांशी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवायच्या होत्या, आणि फ्लॅनेलची कव्हरं धुवायला गेल्यामुळं कमी पडली होती. सात नंबरच्या म्हातारीच्या पायाला कव्हर नसलेली पिशवी लागली. पायात जीव नव्हता, म्हणून ती ओरडलीही नाही. पोटरीवर तळहाताएवढा फोड आला. दुसऱ्या दिवशी मेट्रननं विचारलं, पिशव्या कुणी ठेवल्या? सातांपैकी सहा भावनानं ठेवल्या होत्या. ती नवी होती, घाबरून रडायला लागली, आणि रडणं हाच कबुलीजबाब ठरला. तिची नोकरी गेली. पुष्पलता ज्येष्ठ होत्या. पुढच्याच महिन्यात त्यांना वार्डाचं सिस्टरपद मिळायचं होतं, आणि मिळालं.

“ती पिशवी मी ठेवली होती,” सिस्टर म्हणाल्या. “तू किटली आणाले गेली होती. टॉवेल गुंडाळतो म्हटलं आणि विसरली. मेट्रननं विचारलं तेव्हा मी तापाचा तक्ता पाहत उभी राहिली.”

पुढं त्यांच्या जिभेवर ‘पण’ आला होता. भावनाचा चेहरा पाहून तो तिथंच राहिला.

“तू ठेवली होती?” भावना हळू म्हणाली. “मी नाही?”

“तू नाही.”

“मले तर आठवतच नव्हतं वं. लय आठवून पाहिलं. सगळे म्हणून राहिले तर मीच ठेवली असंल, असं धरून चालली.” तिनं हातातला झगा मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. “पुष्पा, एकतीस वर्षं मी प्रभुभोजनाले जाऊन राहिली, आणि दर बारीले त्या म्हातारीच्या पायाची माफी मागून राहिली. माह्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मागितली. तुह्या पापाचा पश्चात्ताप मी केला?”

सिस्टरांना भावनाच्या रागाची भीती वाटली होती, नोकरी गेल्याच्या बोलांची वाटली होती. तिची फक्त नोकरी गेली असं त्या समजत होत्या. एखाद्याच्या देवघेवीत, अगदी त्याच्या आणि प्रभूच्या मध्ये, आपण एकतीस वर्षं खोटं घालून ठेवलं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या रडू लागल्या. चारचौघांत रडतात तसं नाही. नाक वाहत होतं आणि पदर सापडत नव्हता. मिनलनं आपला स्कार्फ पुढं केला.

भावनानं मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं. “जा तू आता,” ती म्हणाली. “आज माह्याच्यानं तुह्यासाठी चहा नाही होत.”

“जातो. उद्या मंडळीसमोर सांगतो मी. तू ये, नको येऊ, तुही मर्जी.”

परतताना एका सिग्नलला मिनलनं मान मागं वळवली. मग म्हणाली, “आई, त्यांनी माफ केलं का?”

“नाही.”

“मग आता?”

“मग काय? मी मागितलं म्हणून तिनं देलंच पाहिजे, असं थोडीच आहे.”

मिनलला हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. तिनं वेग कमी केला आणि उन्हाच्या बाजूनं जाणं टाळत सावलीसावलीनं त्यांना घरी आणलं.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलं होतं. पापांगीकाराच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापं कबूल करायच्या प्रार्थनेच्या, आधी पाळकसाहेबांनी सांगितलं, की सिस्टरांना दोन मिनिटं बोलायचंय. बाकांवर एकदम चुळबूळ झाली. आता जाहीर माफी म्हणजे जाहीर बोभाटा! हिमानीनं डोळे मिटून घेतले. मनोहररावांनी गीतपुस्तक तोंडापुढं धरलं.

सिस्टरांच्या हातात वही नव्हती. ‘छत्तीस वर्षांत एक डाग नाही,’ असं याच जागेवरून त्यांनी कितीदा सांगितलं होतं, आणि महिला संघाच्या नव्या पोरी ते ऐकून मान डोलवत. त्या पोरी पहिल्या बाकावरच बसल्या होत्या. शेवटच्या बाकावर, दाराशी, भावना बसलेली त्यांना दिसली. पाय अडखळला. त्यांनी वेदीपुढचा कठडा धरला.

“एक बाई माह्या हातानं भाजली,” त्या म्हणाल्या. “नोकरी भावनाची गेली. मी तिथं उभी होती आणि बोलली नाही. तुम्ही मले जे समजता, ते मी नाही.”

तेवढंच. त्या खाली बसल्या. पाळकसाहेबांना पुस्तकातली आपली जागा सापडायला वेळ लागला. मग त्यांनी पापांगीकार सुरू केला, आणि त्या दिवशी मंडळीनं तो पाठ केल्यासारखा म्हटला नाही.

प्रभुभोजनासाठी लोक पुढं जाऊ लागले. सिस्टर बसून राहिल्या. आज उठायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटेना, आणि छातीत हलकं तर काहीच झालं नव्हतं; उलट खूप जड, पण खरं काहीतरी तिथं होतं. तेवढ्यात बाजूला कुणी येऊन उभं राहिलं.

“ऊठ,” भावना म्हणाली. “मले एकटीले जावं नाही वाटून राहिलं.”

दोघी कठड्याशी गुडघे टेकून शेजारीशेजारी बसल्या. भाकर अजून चार माणसं पलीकडे होती. भावनाच्या चेहऱ्यावर राग होता तो होताच. तिनं सिस्टरांकडे पाहिलंही नाही.

“इतकी वर्षं प्रभुभोजनाले एकच गोष्ट मागत आली,” ती कुजबुजली. “ते तर माहं नव्हतंच. आता मी काय मागू वं?”

सिस्टरांनी मान खाली घातली.

“माह्यासाठी माग,” त्या म्हणाल्या. “मले मागता येत नाही.”

भावनानं हात जोडले.