बोटात रुतलेली अंगठी

सासूबाईंनी स्वतःची अंगठी धाकटीच्या बोटात घातली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखू लागलं. दोघी जावा एकाच शिवणकारखान्यात कामाला. थोरली तिथली मुख्य, धाकटी काज-बटणांवर. धाकटीला आठवा महिना लागला होता. घरी तिला "बस गं, वाकू नकोस", कारखान्यात खिडकीजवळची खुर्ची. आणि थोरलीनं आपल्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत उभ्यानं कापड बेतलं होतं! तेव्हा कुणी पाणी तरी विचारलं होतं का?

म्हणून धाकटीच्या तपासणीची सुट्टी तिनं मुद्दाम पुढच्या आठवड्यावर ढकलली.

"ताई, दोन दिवस डोकं ठणकतंय हो. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, सुईत दोरा ओवता येत नाही."

"आम्हाला नाही बाई कधी काजवे दिसले!" थोरली फणकारली.

दुपारी धाकटी पुन्हा आली. अंगठी बोटात रुतली होती, निघेना. थोरलीनं बोटाला रेशमी दोरा घट्ट गुंडाळला आणि एकेक वेढा सोडत अंगठी उतरवली. जिच्यासाठी इतका जीव जळला, ती आता तिच्या तळहातावर होती. पण बोटावर केवढी खोल खाच! तिनं मान वर केली. धाकटीच्या पापण्या सुजलेल्या, चेहरा ओळखू येईना. चार दिवस तोंड फिरवून बसलेल्या थोरलीला हे दिसलंच नव्हतं. 

"चल, ऊठ! दवाखान्यात!"

तिथं रक्तदाब भलताच चढलेला निघाला.

"हा प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणात दाब चढवणारा आजार," परिचारिका म्हणाली. "बाळाला पोसणाऱ्या वारेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या नीट रुंदावत नाहीत. मग आईच्या अंगभर रक्तवाहिन्यांना आतून दाह होतो, त्या आकसतात, दाब चढतो. झटके आले असते तर दोन्ही जीव जाऊ शकले असते. तपासणीला का नाही आणलंत?"

"सुट्टी मीच अडवली," थोरली रडू लागली. "मला कुठं कुणी दिली होती?"

"तुमच्यावर अन्याय झाला, बाई. पण त्याची भरपाई हिच्याकडून करून घ्यायची?"

थोरलीनं पदरानं डोळे पुसले आणि धाकटीचा हात हातात घेतला.

बाळ वेळेआधीच आलं, मूठभर, पण खणखणीत रडलं. सूज उतरल्यावर थोरलीनं स्वतःच्या हातानं अंगठी धाकटीच्या बोटात घातली. आता कारखान्यात गरोदर बाईची तपासणी एक दिवसही पुढे ढकलली जात नाही. थोरली स्वतः तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडते.

वाचकहो, गरोदर बाईचं ठणकणारं डोकं, अचानक सुजलेला चेहरा यांना नखरे म्हणू नका, लगेच रक्तदाब तपासा. आणि आपण जे सोसलं ते पुढचीला सोसावं लागू नये, यालाच थोरलेपण म्हणतात!