मिशांना पीळ

दुसऱ्या फेरीत, विजय अगदी हाताशी आलेला असताना, आईचा पैलवान जागच्या जागी थांबला, त्याने दोन्ही हातांनी मिशांना पीळ दिला आणि समोरून आलेला काठीचा फटका तोंडावर घेऊन तो आडवा झाला.

व्हिडिओ गेमच्या पडद्यावर घंटा वाजली. एक फेरी आईची, एक मुलीची.

"आई, आत्ता हे काय केलंस?" मुलीने हेडफोनचा माइक ओठांजवळ ओढला.

"काय केलं?"

"मिशा."

"हात लागला असेल गं. समोर बघ, तिसरी सुरू झाली. आज तुझ्या त्या काठीचा मी पडद्याचा दांडा करणार आहे."

तिसऱ्या फेरीत आईने बोलल्याप्रमाणे केलं. पैलवानाने मुलीच्या लाठीवालीला कोपऱ्यात गाठून असं झोडपलं, की मुलीला एकही फटका धड मारता आला नाही. सामना संपला. "चल, ठेवते," म्हणून मुलीने हेडफोन काढला. पण पडदा बंद केला नाही. दुसरी फेरी पुन्हा लावून ती तो पीळ देण्याचा क्षण मागे-पुढे करून पाहत राहिली.

हात लागणं शक्य नव्हतं. डिवचण्याची ती करामत करायला कंट्रोलरच्या वरच्या कडेची दोन्ही बटणं दोन्ही तर्जन्यांनी एकाच वेळी दाबावी लागत. एक बटण चुकून दाबलं जाऊ शकतं. दोन एकदम, आणि तीही गेले काही आठवडे वारंवार, हे योगायोगात बसत नव्हतं.

शिवाय डिवचण्याचे नियम आईनेच घालून दिलेले होते. आई दातांची डॉक्टर. मुलगी शाळेत असताना, दवाखान्यात पेशंट असेपर्यंत तिने आतल्या खोलीत गुंतून राहावं म्हणून आईने हा खेळ आणला, आणि थोड्याच दिवसांत आईच त्यात जास्त गुंतली. मारामारीला कसला आलाय शिष्टाचार, असं मुलगी तेव्हा म्हणाली होती. आईच्या मते तो मारामारीलाच तर लागतो. प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला, की लांब उभं राहून एकदा डिवचावं. दुसऱ्यांदा केलं, तर तो आचरटपणा. नवख्याला डिवचू नये. ज्याला डिवचलं त्याने फुगून बसू नये, उठून उत्तर द्यावं. आणि कुणी अगदी हाताच्या अंतरावर उभं राहून मिशांना पीळ देऊ लागलं, तर दयामाया न दाखवता हाणावं. त्याला सोडून देणं हाच खरा अपमान. लाठीवालीची करामत म्हणजे तोंडावर हात ठेवून दिलेली लांबलचक जांभई. त्या जांभईच्या आणि या मिशांच्या जिवावर मायलेकींनी आपली कितीतरी भांडणं न भांडताच मिटवली होती.

आता दोघी दोन शहरांत होत्या, आणि मुलीने जांभई देणं जवळजवळ सोडलं होतं. बढती मिळाल्यापासून ती रोज संध्याकाळी एकच सामना खेळायची, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तिचा. त्यात नखऱ्यांना वेळ नव्हता.

आई मुद्दाम हरत असेल, ही शंका तिने प्रथम तपासली आणि बाजूला ठेवली. मुद्दाम हरणारं माणूस तिसऱ्या फेरीत असं बडवत नाही. उरलेली शक्यता तिला अधिक परिचयाची होती. मेंदूतल्या विद्युत्-लहरींचे आलेख वाचणं हे तिचं कामच होतं. तिच्यासमोर अपस्माराची अशी माणसं रोज येत, जी बोलता बोलता काही क्षण कुठेतरी जातात. त्या क्षणांत त्यांचे हात मात्र एखादी सवयीची हालचाल करत राहतात: शर्टाचं बटण चाचपतात, रुमाल चुरगळतात. भानावर आल्यावर विचारलं, तर ती म्हणतात, "काय केलं?"

आईही तेच म्हणाली होती.

दिवसभर आईच्या हातात ड्रिल असे, आणि ड्रिलच्या टोकाजवळ कुणाची तरी जीभ. हा अंदाज खरा निघाला, तर दवाखाना बंद करायला सांगावं लागणार होतं, आणि ते सांगणं तिच्याच वाट्याला येणार होतं. दवाखान्याशिवाय आई कशी दिसेल, याची कल्पना तिला करता येईना. निष्कर्ष तिला मुळीच आवडला नाही. पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे. तिने रजा टाकली आणि आईला फोनवर सांगितलं, की दाढ दुखतेय.

दवाखान्याच्या खुर्चीत मान मागे टाकून तिने आ वासला. आईचे हात इतक्या जवळून पाहण्याची दुसरी कुठलीही रीत नव्हती. आरसा आत गेला, टोकदार हत्यार एकेका दातावर टकटक करत फिरलं. हात दगडासारखे स्थिर होते. डोळे भिंगामागून क्षणभरही ढळले नाहीत.

"कुठली दाढ?" आईने विचारलं.

मुलीने बोट दाखवलं.

"मघाशी डावीकडची म्हणालीस."

मुलीने आ आणखी मोठा केला. तोंडात हत्यार असल्याची तेवढी सोय होती.

"मावशी, दिवा बंद करा," आईने मदतनीस बाईंना सांगितलं आणि हातमोजे काढले. "दाढ ठणठणीत आहे. ठणकतंय ते दुसरंच काहीतरी. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, फी घेणार नाही."

"या फक्त बघायला आल्यात, डॉक्टर," मावशी खुर्ची सरळ करत म्हणाल्या. "लहानपणी यायच्या तशा."

त्या दिवशी घरी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून दोघी खेळल्या. आई सलग दोन फेऱ्या जिंकली. पुन्हा खेळल्या, आई पुन्हा सलग दोन फेऱ्या जिंकली. पैलवानाने मिशांना पीळ दिला, तो नियमानुसार, लाठीवाली पडल्यावर, लांबून, एकदाच.

"काय गं, तिकडे पगार झोपा काढायचा देतात वाटतं?"

मुलीने उत्तरादाखल जांभई दिली. लाठीवालीकडून नव्हे, स्वतःच. आई इतकी हसली, की चष्मा काढून पुसावा लागला.

आजाराची लक्षणं माणसाच्या सोयीने येत नाहीत. पण सोफ्यावर बसल्याने ती जातही नाहीत. फरक कशात होता? कदाचित लाइनमध्ये. दोन शहरांतल्या खेळात दाबलेलं बटण किंचित उशिरा पोचतं, आणि त्या उशिराने आईचा अंदाज चुकत असेल. दुसऱ्या दिवशी मुलीने बरोबर आणलेला लॅपटॉप आतल्या खोलीत नेला, दार लावून घेतलं आणि नेहमीच्याच लाइनवरून आईला आव्हान दिलं.

"आतल्या आत कसला फोन करतेस? वेड लागलंय का?" आईचा आवाज हेडफोनमधून आला आणि भिंतीतूनही आला.

"खेळ ना तू."

"खेळते की. पण रडायचं असलं तर बाहेर येऊन रड, दार लावून नको."

सलग दोन फेऱ्या, आईच्या. मिशा नियमात. लाइन निर्दोष होती.

पुढचे दोन दिवस मुलीने आणखी काही गोष्टी बदलून पाहिल्या. कंट्रोलरांची अदलाबदल केली. आई दमून आलेली असताना खेळली, आणि सकाळी ताजी असतानाही. आईने सगळ्याच वेळी तिला सरळ धुऊन काढलं. मुलीच्या मनातली भीती जराशी सैल झाली, पण गेली नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं म्हणण्याची मुभा तिच्या विद्येत नव्हती.

निघायच्या दुपारी बॅग दाराशी उभी होती. गाडी बोलावून झाली होती. आईने दवाखाना तासभर उशिरा उघडायचं ठरवलं होतं आणि ती स्वयंपाकघरात नको ते डबे पुसत होती.

"आई, ये. गाडी येईपर्यंत एकच खेळू. मग निघते."

"एकच?"

"एकच."

आई हात पुसत आली. पहिली फेरी तिने झटक्यात घेतली. दुसरीतही पैलवान पुढेच होता. लाठीवालीत एखाद-दुसऱ्या ठोशाचाच जीव उरला होता. मुलीने पडद्यावरची नजर काढली आणि शेजारी पाहिलं.

आईचे डोळे टक्क उघडे होते. ओठ मुडपलेले होते, कठीण दात काढताना असायचे तसे. लाठीवाली हाताच्या अंतरावर येईपर्यंत ती थांबली. मग दोन्ही तर्जन्या तिने सावकाश, मोजूनमापून, एकदम दाबल्या.

पैलवानाने मिशांना पीळ दिला. मुलगी आईच्या बोटांकडेच पाहत होती. तिने काठी फिरवलीच नाही. पीळ देऊन झाला. पैलवान ताठ उभाच राहिला. आईने त्याला मारायला लावलं नाही.

"अगं, मार ना!" आई म्हणाली. "झोपलीस का?"

आणि तिने दोन्ही बटणं पुन्हा दाबली. दुसऱ्यांदा. स्वतःच्याच नियमाने जो आचरटपणा होता, तो.

मुलीने काठी फिरवली. पैलवान कोसळला, घंटा वाजली.

"एक-एक," आई म्हणाली. तिने पाय वर घेतले, पाठीमागे उशी सारली आणि सोफ्यावर ऐसपैस बसली. "आता तिसरी. गाडीवाला थांबेल ना गं थोडा?"

"थांबेल," मुलगी म्हणाली.

तिच्या कामात निष्कर्ष आलेखाच्या खाली, थोडक्यात आणि विशेषणांशिवाय लिहायचा असतो. तो असा होता: आईचे हात आणि मेंदू उत्तम आहेत. दोन फेऱ्या एकीनेच जिंकल्या, की सामना संपतो, आणि तो एकच सामना असला, की तो संपल्यावर मुलगी जाते. म्हणून आई दुसरी फेरी हरत होती.