मार्लाने घेतलेला कॅम्पर

कॅम्परचं छप्पर वीतभर वर आलं, तिरकं झालं आणि अडलं. ग्रँटने हँडलवर आणखी जोर लावला तशी आतून करकर ऐकू आली.

"अरे थांब, थांब! केबल तोडशील!"

शेजारच्या जागेवरून एक म्हातारी लगबगीने आली. तिच्या हातात अर्धवट सोललेला बटाटा होता. नाव आर्लिस, चाळीस वर्षं याच तळ्यावर मुक्कामाला येतेय, एवढं तिने न विचारताच सांगून टाकलं आणि खाली वाकून पाहिलं.

"चाकांना ठोकळे कुठेत? गाडी सोडवायच्या आधी ठोकळे लावायचे, बाबा. नाहीतर तुझं घर जाईल घरंगळत पाण्यात. पहिलीच खेप ना?"

"हो."

"घरी उघडून बघितला होतास?"

ग्रँट पुन्हा हँडलकडे वळला. कॅम्पर त्याने घेतलाच नव्हता. गेल्या सप्टेंबरात चर्चच्या फळ्यावरची विक्रीची चिठ्ठी वाचून त्याची बायको मार्ला तो घेऊन आली होती. गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर; जुना, घडीचा, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर येणारा. "दारात अडगळ काय कमी होती?" असं तो म्हणाला होता. थंडी पडायच्या आत एकदा जाऊन येऊ, म्हणून ती मागे लागली. पुढच्या उन्हाळ्यात बघू, म्हणून त्याने विषय मिटवला. फेब्रुवारीत एका सकाळी चादरींच्या घड्या घालता घालता मार्ला खाली कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. एकोणचाळीस वर्षांची होती.

जून लागला तसा तो आपल्या दोन्ही पोरींना घेऊन निघाला. बाकी काही नाही तरी एवढं तरी करावं, असं त्याला वाटलं होतं.

"छपराच्या चारही कड्या काढल्यास?" आर्लिसने विचारलं.

"काढल्या की."

बारा वर्षांची ब्रिटा लाकडी बाकावर पाय हलवत बसली होती. धाकटी टिली तिच्या मांडीला टेकून डास मारत होती. ब्रिटा तिकडूनच म्हणाली, "आईने सांगितलं होतं, पहिल्यांदा घरीच उघडायचा."

"मग जा, आईलाच विचार कसा उघडायचा ते!"

बोलून गेल्यावर ग्रँटला कळलं आपण काय बोललो. ब्रिटाने टिलीचं डोकं हळूच बाजूला केलं, ती उठली आणि तळ्याकडे चालू लागली.

आर्लिसने टिलीला जवळ घेतलं. "ही बसेल माझ्यापाशी. तू जा."

ब्रिटा धक्क्याच्या टोकाला बसली होती. तो शेजारी बसला.

"चुकलं माझं, ब्रिटा. असं बोलायला नको होतं."

तिने एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "स्टेपनीच्या मागे पाचवी कडी आहे. बाहेरून दिसत नाही."

"तुला कसं माहीत?"

"आम्ही उघडला होता. आई आणि मी. ऑक्टोबरमध्ये. मला सुट्टी होती, तू कामावर होतास, टिली बालवाडीत. दारातच उघडला. आत बसून सूप प्यायलो आणि दुपारभर लोळलो."

"मला नाही सांगितलंत?"

"आई म्हणाली, बाबाला कळू देऊ नकोस. उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदाच दाखवल्यासारखं दाखवू. आपणही नवल करायचं."

ग्रँटने तिच्याकडे वळून पाहिलं. "मग मघाशी का गं गप्प बसलीस? छप्पर मोडलं असतं."

"उघडला की आतली हवा जाईल ना, बाबा." तिचा आवाज फाटला. "आईने बंद केलेली आहे ती."

त्याने तिला जवळ ओढलं. घरी परत जायचं का, असं विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. "टिलीला झोपायचंय त्यात. कधीची म्हणतेय."

परत आल्यावर ब्रिटाने स्टेपनीमागे हात घालून कडी काढली. या वेळी छप्पर सरळ वर गेलं. आर्लिसने दोन्ही पलंग बाहेर ओढायला लावून त्यांच्याखाली टेकू लावून घेतले. "हे लावल्याशिवाय पोरींना पलंगावर चढू द्यायचं नाही, कळलं? आणि पाऊस लागला तर भिंतींचा कॅनव्हास ओला मिटू नकोस. मिटावाच लागला तर घरी गेल्या गेल्या उघडून वाळव." एवढं सांगून ती बटाट्यांकडे परत गेली.

दार उघडताच बुरशीचा कोंदट वास आला. एका गादीचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता. ब्रिटा आत शिरली, उजवीकडच्या पलंगावर पालथी पडली आणि तिने गादीत तोंड खुपसून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"नाहीये," ती म्हणाली. "काहीच नाहीये, बाबा."

मग ती रडली. फेब्रुवारीत, चर्चमध्ये, कबरीपाशी ती रडली नव्हती. आता हुंदक्यांनी तिचं अंग गदगदत होतं. टिलीला काही कळेना. ती ताईच्या पाठीवर थोपटत राहिली.

"आई इथे आली होती?" टिलीने विचारलं.

"आली होती," ग्रँट म्हणाला.

तो पलंगाच्या कडेला टेकला, ब्रिटाच्या पायांवर हात ठेवून. ऑक्टोबरातल्या त्या दिवसाची संध्याकाळ तो आठवू पाहत होता. तो कामावरून आला असेल, बूट काढले असतील. मार्लाने वाढलं असेल, कदाचित जरा जास्त हसलीही असेल. आपण काही विचारलं का, ती काय म्हणाली, यातलं काहीच त्याला आठवेना.