गाडीला सांगितलेलं खोटं

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर जयंत देवस्थळी साताऱ्याला परत गेले नाहीत. मुलगा संकेत जयपुरात नोकरीला होता, म्हणून तिथेच, वैशाली नगरात त्यांनी घर घेतलं. बदली होईल त्या गावी त्यांनी गाडी चालवली होती आणि कधी कुठे साधी घासलीही नव्हती. दुसरा कसला गर्व त्यांना नव्हता.

एप्रिलमध्ये संकेतने एक व्हिडिओ पाहिला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर काढायचा आणि त्याच्या वायरींना नखाएवढा रेझिस्टर जोडायचा. मग बाहेर कितीही ऊन असो, गाडीच्या कॉम्प्युटरला हवा थंडच वाटते. तो पेट्रोल जास्त सोडतो, ठिणगी लवकर पाडतो, गाडी जोरात पळते. रविवारी वडील झोपलेले असताना त्याने त्यांच्या गाडीत ते उरकलं.

"बाबांना विचारलंस?" त्याच्या बायकोने, ज्ञानदाने विचारलं.

"त्यांना काय कळतंय त्यातलं."

मे तापला. एकदा जेवताना जयंतराव म्हणाले, "संकेत, चढावर इंजिन खडखडतंय रे. डब्यात खडे हलवावेत तसं."

"कान तपासून घ्या, बाबा."

त्यांची पत्नी प्रतिमा हसली, तसे तेही हसले.

पुढच्याच आठवड्यात नवरा-बायको जयपूरजवळच्या चाकसूला एका जुन्या सहकाऱ्याकडे निघाली. भर दुपार, एसी चालू. टोंक रोडवर खडखड वाढली, एक दणका बसला आणि बॉनेटमधून धूर निघाला. उन्हात प्रतिमाताईंना भोवळ आली. ढाब्यावरच्या लोकांनी त्यांना खाटेवर निजवलं.

फोन मिळताच संकेत आला. येताना जुना सेन्सर खिशात घालून आला होता. वडील आईच्या तोंडावर पाणी शिंपडत होते, तेवढ्यात त्याने रेझिस्टर काढून सेन्सर जागेवर बसवला. आईजवळ तो त्यानंतर गेला.

गॅरेजमध्ये इंजिन उघडलं, तर पिस्टनला भोक पडलेलं.

"हे कशानं झालं?" जयंतरावांनी विचारलं.

मिस्त्री तोंड उघडायच्या आत संकेत म्हणाला, "वेळेवर गिअर उतरवत नाही तुम्ही. रेटता गाडी. किती दिवस बोलू बोलू म्हणत होतो."

जयंतराव जवळ जाऊन वाकले. त्या पिस्टनकडे बघत राहिले.

घरी ज्ञानदा म्हणाली, "खरं सांग त्यांना."

"सांगून इंजिन सांधणार आहे? आणि आज ना उद्या त्यांचं ड्रायव्हिंग थांबवायचंच होतं." तो टीव्हीकडे वळला. "तूही बघत होतीस, ज्ञानदा."

ती पुन्हा तो विषय काढू शकली नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा जयंतरावच मुलाला म्हणाले, "एकदा माझ्या शेजारी बस. कुठं चुकतं ते दाखव."

संकेत बसला. जयंतराव नेहमीसारखीच, नीट चालवत होते.

"आत्ता का बदललात गिअर?" थोड्या वेळाने, "आता का नाही बदललात?" मग, "क्लच, बाबा. क्लच."

त्यांचा हात गिअरवर अडखळू लागला. सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. संकेत मोबाईल बघत होता.

जयंतराव खाली उतरले, वळसा घालून त्याच्या दाराशी आले.

"तूच चालव. तुझ्या आईला मी मारलंच असतं रे त्या दिवशी."

"असू द्या, बाबा," संकेत म्हणाला, आणि स्टिअरिंगमागे बसून त्याने आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला.