अकरा महिन्यांचं जपान

दोन हजार चारच्या मार्चात हणमंतराव कायमचा जपानला निघाला, आणि त्यात सगळा गुन्हा माझा.

काचीगुड्यात मला नरहर जपानवाला म्हणतात. बासष्ट साली पंख्यांच्या कंपनीनं मला अकरा महिने ओसाकाला धाडलं होतं. तिथं मी जुळवलेला एक पंखा इतका जोरात फिरला की साहेबाच्या डोक्यावरचा केसांचा टोप खिडकीतून उडाला आणि शेजारच्या गावात देवळाच्या कळसावर जाऊन बसला. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. टोप दरवर्षी एकेक गाव पुढं सरकतो. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर तिथल्या एका राजकन्येला मी शब्द दिलाय.

बाकीचे हसून घरी जायचे. हणमंतराव बसून राहायचा. सचिवालयात फायलींवर शेरे मारून दमलेला हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन "हूं, हूं" करत ऐकायचा, आणि ऐकून सोडून द्यायचा नाही. माझ्या गोष्टींच्या भरवशावर त्यानं पोराला, हेमंतला, कॉम्प्युटरच्या जोडीनं जपानी शिकायला घातलं. पोरगा टोकियोत चिकटला. गेल्या साली हेमंतची आई कुसुमताई वारल्या, आणि आता हेमंत बापाला घेऊन चालला होता. बाबांना तिकडच्या जेवणाची सवय व्हावी म्हणून त्यानं तिकडूनच बंजारा हिल्सवरच्या एका बड्या जपानी हॉटेलात आमचं तिघांचं दुपारचं जेवण ठरवून दिलं.

तिसरे एकनाथराव वकील. ते दिलसुखनगरला लेकीकडे राहतात, वर्षातून दोनदा उगवतात, आणि मी बोलायला लागलो की कानातलं यंत्र बंद करतात.

दारात जपानी झग्यातल्या मुलीनं कमरेत वाकून स्वागत केलं. हणमंतानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला लांबलचक जपानी ऐकवलं, जे अजून कुठल्याही जपानी माणसाच्या कानावर पडलेलं नाही.

"अंकल, मैं इंफाल की हूँ," ती म्हणाली. "हमको एक नमस्तेइच सिखाए."

"बघ, बिचारीला तुझ्याएवढं येत नाही," हणमंत म्हणाला.

बूट काढून आत गेलो. टेबल बुटकं, खाली चटया. मी ऐटीत मांडी घातली, म्हणून दोघांनी घातली. गुडघे तिघांचेही कडकड वाजले. पाच मिनिटांनी ती मुलगी हळूच म्हणाली, "पैर नीचे, अंकल." टेबलाखाली पाय सोडायला चांगला ऐसपैस खड्डा होता.

"जपानला राहिलात ना हो तुम्ही?" एकनाथराव म्हणाले.

"त्याच्या वेळी खड्डे नसतील," हणमंत म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, वकीलसाहेब."

मग दोन तास एकेक घास येत राहिला. बशी परातीएवढी आणि तिच्यात काकडीचे चार तुकडे. हणमंतानं हिरव्या चहाचं पाणी ताटलीभोवती फिरवलं, चार शितं बाजूला काढून चित्राहुती घातली, आणि मिटल्या डोळ्यांनी हात जोडले. त्या मुलीनं त्याची आहुती खरकटं समजून उचलून नेली.

"घराच्या किल्ल्या परवा देतोय," तो म्हणाला.

जपानी काड्यांनी उचललेला भात माझ्या तोंडापर्यंत आला नाही.

"हणमंता, मी जपानला गेलेलोच नाही."

"हूं," तो सवयीनं म्हणाला.

"बासष्ट साली मी विकाराबादजवळ होतो. अनंतगिरीच्या दवाखान्यात. क्षय होता मला. बाहेर कळलं असतं तर आमच्या बहिणीचं, रजनीचं जमलेलं लग्न मोडलं असतं, म्हणून वडिलांनी, अण्णांनी, गावभर जपान सांगितलं. खाटेसमोर एक जपानी कॅलेंडर टांगलेलं होतं. महिन्याला एक चित्र. माझं जपान तेवढंच आहे. माझ्या लग्नाला डॉक्टर नको म्हणाला. राजकन्या-बिजकन्या कुणी नाही."

एकनाथरावांनी यंत्र चालू ठेवलं होतं. "डिसेंबरच्या चित्रात काय होतं?"

"तोवर मला घरी सोडलं."

"साक्षीदार?"

"अण्णा गेले. रजनी गेली."

हणमंत डोळ्यांतून पाणी येईतो हसला. "कॅलेंडर झकास आहे. इतकी बारीक कारागिरी तू आजवर केली नव्हतीस, नरहर."

"खरं सांगतोय रे."

"मी जाऊ नये म्हणून रचलंस." त्यानं चष्मा पुसला. "जाऊ नको म्हणायचं असेल तर सरळ म्हण ना."

"जाऊ नको," मी म्हणालो.

त्यानं काडीनं काकडी फिरवली. "दोनदा पडलो न्हाणीघरात. तुला सांगितलं नाही. हेमंत तिकडून काय धावणार?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते रे तिकडची. हेमंत म्हणतो टीव्ही आहे, बाल्कनी आहे. संध्याकाळी कुठं बसू, ते त्याला सांगता येत नाही. तू राहिलायस तिथं. म्हातारी माणसं कुठं बसतात?"

मी एकनाथरावांकडे पाहिलं. जन्मभर उलटतपासण्या घेतलेल्या माणसानं मान खाली घातली.

"देवळामागं," मी म्हणालो. "मोहल्ल्यात एक देऊळ असतंच. त्याच्यामागं बाक. त्यावर एक म्हातारा बसतो."

"मला भाषा येत नाही त्याची."

"लागत नाही. तू आपलं मराठीत सांगत जा, तो ऐकतो. मी नाही का सांगायचो?"

"बासष्टचा म्हातारा आता असेल?"

"तो नसला तर दुसरा असेल. जागा रिकामी ठेवत नाहीत ते लोक."

हणमंतानं खिशातून डायरी काढली. "आणि मला पोचायला उशीर झाला एखाद्या दिवशी?"

"थांबेल," मी म्हणालो. "त्याला दुसरं काम काय?"

तो खिसे चाचपत होता. एकनाथरावांनी आपलं पेन उघडून त्याच्या हातात दिलं.