घोडीचे कान

मामांनी लगाम ढिला सोडला आणि तांबडीला घेऊन ते पत्र्याच्या पिंपांमधून चालू लागले. दोन्ही बाजूंच्या शिपायांनी काठ्या उचलल्या. पिंपं थरथरली, धूळ उडाली. तांबडीचे कान मागे गेले, डोळ्यांतला पांढरा भाग दिसला. मग तिने मान वळवून मामांच्या खांद्याकडे पाहिलं आणि कान पुन्हा जागेवर आणले. मामा आपले चालत होते, भाजी आणायला निघाल्यासारखे.

पोलिसांच्या अश्वपथकाच्या पागेत मामा घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. तसे ते मामा एका भाचीचेच, पथकात नुकत्याच स्वार झालेल्या. पण तिच्यामागून अख्खी पागा, साहेबांसकट, त्यांना मामा म्हणायला लागली होती. बुजरं घोडं शांत करावं ते मामांनीच, अशी त्यांची ख्याती. आणि तांबडी म्हणजे बुजरेपणाचा कळस. भर गर्दीत तिने दोन स्वारांना खाली आपटलं होतं. आज ती पिंपं, भोंगा आणि फटाका यांतून सरळ गेली तर उद्या भाचीला पाठीवर घेऊन बंदोबस्ताला जाणार होती. नाही गेली तर बाजारात. नावाजलेली बुजरी घोडी बाजारात कोण घेतं आणि कशासाठी, हे मामांना कुणी सांगायला नको होतं.

भोंग्यापासून पुढे आल्यावर मामांनी सहज भिंतीकडे पाहिलं. तिथे उभ्या भाचीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते. साहेबांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. बाजूला धूर चढत होता, म्हणजे फटाका वाजूनही गेला होता. मामांना फक्त धप्प झाल्यासारखं वाटलं होतं, उशी खाली पडावी तसं.

तांबडी थबकली. तिने खांद्याकडे पाहिलं. खांदा हलला नव्हता. ती चालू लागली.



ऐकायला कमी येतं हे त्यांना ठाऊक होतंच. घरी बायको ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणून कपाळाला हात लावायची आणि ते हसून वेळ मारून न्यायचे. पागेत कुणाला पत्ताच नव्हता. कोण आलं, कुठून हाक मारली, हे मामा घोड्यांच्या कानांवरून ओळखायचे, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून. पण इतकं गेलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तांबडी आवाजाला मुळी सरावलीच नव्हती. ती दर वेळी विचारत होती, भ्यायचं का? आणि तिला उत्तर देत होता एक बहिरा म्हातारा.

शिपायांनी टाळ्या वाजवल्या. साहेब अगदी समोर येऊन मोठ्याने हसले.

“वा मामा! जादू आहे हो तुमच्या हातात. उद्या हिला पुढच्या रांगेतच उभी करतो.”

मामा फार दमले होते. लगाम भाचीच्या हाती द्यावा आणि गवताच्या गंजीला टेकून बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भाची घोडीचं नाक कुरवाळत होती. तिची आई, मामांची धाकटी बहीण, पोरीला सांभाळ म्हणाली होती. त्याहून जास्त काही बोलणारी ती नव्हेच.

“साहेब, पुन्हा एकदा घ्या,” मामा म्हणाले. “या वेळी लगाम हिला धरू द्या.”

“अहो, झालं की आता. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“एकदाच घ्या.”

भाचीने लगाम धरला. काठ्या पिंपांवर पडल्या आणि मामांनी नीट पाहिलं. आधी भाचीचा खांदा दचकला, मग घोडी. तांबडी मागच्या पायांवर उभी राहिली, भाची फरफटत गेली, एक पिंप आडवं झालं. मामांनी धावत जाऊन लगाम पकडला. थरथरत तांबडीने त्यांच्या छातीला कपाळ लावलं. भाची उठली. तिचं कोपर सोललं होतं.

“हे काय झालं?” साहेब ओरडले.

“माझ्या हातात जादूबिदू काही नाही, साहेब,” मामा म्हणाले. “मला ऐकू येत नाही.”

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मग मी तुम्हाला घोड्यांच्या पायांत ठेवू शकत नाही, मामा. नियम तुम्हालाही माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“आणि घोडी नापास.”

“घोडी नाही, साहेब,” कोपर दाबत भाची म्हणाली, मामांना कळावं म्हणून जरा मोठ्याने. “नापास मी. ती माझ्याकडे बघून भ्याली. मला थोडे दिवस द्या.”

साहेबांनी घोडीकडे पाहिलं. “महिनाअखेरपर्यंत,” ते म्हणाले आणि वळले.

मामांनी आत जाऊन खरारा खुंटीला अडकवला. घोड्यांची अंगं घासून घासून त्याचे दात झिजले होते. पिशवी घेऊन ते बाहेर आले, तर भाची प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस कानांत कोंबत होती.

“वेडी आहेस का गं?”

“काय म्हणतोस, मामा? मला ऐकू येत नाही!” ती ओरडली.

मामांना हसू आलं, आणि भरूनही आलं. तिच्या पाठीवर थाप मारून ते फाटकाकडे निघाले.

फाटकावरचा पहारेकरी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत काहीतरी म्हणाला. म्हणून मामांनी वळून पाहिलं. पिंपांच्या तोंडाशी तांबडी थांबली होती. मान उंच करून, नाकपुड्या फुलवून ती फाटकाकडे बघत खिंकाळत होती. भाचीला त्याचा पत्ता नव्हता. हातात लगाम धरून ती समोर बघत उभी होती. मग शिपायांच्या काठ्या पडल्या. धूळ उडाली. भाचीचा खांदा हलला नाही.

तांबडीने त्या खांद्याकडे पाहिलं. कान हळूहळू जागेवर आणले आणि ती भाचीबरोबर निघाली.

निरोपाला वर केलेला हात मामांनी तसाच खाली घेतला.

“फाटक जपून लाव रे,” ते पहारेकऱ्याला म्हणाले. “आवाज करू नकोस.”